उपग्रह चार, पण खरं यंत्र म्हणजे त्यांच्यातलं अंतर

एमएमएस म्हणजे नासाची एकत्र उडणारी चार याने, पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी. त्यांचा कुठलाही प्लॉट उघडला की चार रेघा दिसतात. काळी, लाल, हिरवी, निळी. पहिलं यान काळं, दुसरं लाल, हे आता ठरूनच गेलंय, कुणीही कुठेही बसून पेपर लिहिला तरी हेच रंग. नवख्या माणसाला वाटतं एकच रेघ आहे, कारण चारही एकमेकींवर बसलेल्या असतात आणि शेवटी काढलेली निळी तेवढी वर दिसते. मग झूम करायचं. अजून झूम करायचं. दोन सेकंदांचा तुकडा अख्ख्या स्क्रीनवर पसरला की रेघा सुट्या होतात, आधी हिरवी वळते, मग काळी नि लाल जवळपास बरोबरीने, निळी सगळ्यात मागून. हे जे मधले केसाएवढे फरक आहेत ना, त्याच्यावरच माझा पगार निघतो.

आमच्या घरी हे कुणालाच पटत नाही. दादा पाटबंधारे खात्यात आहे, त्याचं म्हणणं सरळ आहे, चार-चार उपग्रह एकाच जागी कशाला पाठवायचे, एक तर चार वेगळ्या ठिकाणी पाठवा नाहीतर त्या पैशात एकच दणकट पाठवा. प्रश्न रास्त आहे. उत्तर जेवणाच्या ताटावर देता येत नाही म्हणून इथे लिहितेय, दादा वाचेल न वाचेल.

आधी तिथे वर असतं काय ते सांगते. सूर्याकडून सौरवारा, म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत, सतत येत असतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने, आणि विरळ इतका की एका घनसेंटीमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन, तेवढेच इलेक्ट्रॉन. कण एकमेकांवर आदळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. या भारित कणांच्या वायूसोबत, म्हणजे प्लाझ्मासोबत, सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही वाहत येतं, पृथ्वीजवळ ते पाचेक नॅनोटेस्ला असतं. आपण जमिनीवर ज्या क्षेत्रात राहतो ते २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला, यावरून अंदाज घ्या. पण त्या एवढ्याशा क्षेत्राला आकार असतात. कुठे दोन उलट दिशांची क्षेत्रं एकमेकांना खेटतात आणि मध्ये विजेच्या प्रवाहाचा पातळ पडदा तयार होतो, त्याला करंट शीट म्हणतात. कुठे क्षेत्ररेषा पिळल्या जाऊन फ्लक्स रोप बनतो. कुठे अचानक क्षेत्र एकदम खाली जातं नि परत वर येतं, ते मॅग्नेटिक होल. आणि जिथे उलट दिशांच्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात ते रिकनेक्शन, ज्यात क्षेत्रातली ऊर्जा कणांना मिळते आणि सौरवाऱ्याला पृथ्वीच्या चुंबकावरणात शिरायला वाट मिळते. ध्रुवीय प्रकाश, सॅटेलाइट बिघडणं, ग्रिडमध्ये भलते करंट येणं, या सगळ्याचं मूळ धरत गेलं की बऱ्याचदा इथेच पोचतो.

आणि यातलं काहीही दुर्बिणीतून दिसत नाही! चुंबकीय क्षेत्राचा फोटो निघत नाही. यान त्या रचनेतून प्रत्यक्ष जावं लागतं, आणि ते जाताना मॅग्नेटोमीटर, म्हणजे क्षेत्र मोजणारं यंत्र, त्याच्या अंगावरून काय गेलं तेवढं सांगतो. तीन दिशांचे तीन आकडे, बीएक्स, बीवाय, बीझेड, आणि वेळ. बस.

आता गंमत इथे आहे. डोळे बांधून रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहा, समोरून गाडी गेल्याचा आवाज दहा सेकंद आला. गाडी किती लांब होती? सांगता येत नाही, कारण बारा डब्यांची फास्ट गेली की चारच डब्यांचं काहीतरी रमतगमत गेलं, दोन्हीला दहा सेकंद लागू शकतात. कदाचित गाडी गेलीच नाही, जागेवर उभी होती आणि इंजिन दहा सेकंद सुरू करून बंद केलं. एकट्या उपग्रहाची हीच अवस्था. क्षेत्र बदललं हे नक्की, पण ते बदल वाहून आलेल्या रचनेमुळे की ती रचनाच त्या वेळात बदलली म्हणून, हे एका ठिकाणच्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. जागा आणि वेळ एकमेकांत मिसळून जातात.

सौरवाऱ्यात त्यातल्या त्यात बरं असतं. तिथे वारा इतका जोरात वाहतो की रचना त्या वेळात गोठलेली आहे असं मानलं तर फार बिघडत नाही, वेळ गुणिले वेग, झालं अंतर. पण पृथ्वीच्या चुंबकावरणाची हद्द, मॅग्नेटोपॉज, जी सूर्याच्या बाजूला साधारण १० पृथ्वी-त्रिज्यांवर असते, तिथे हा हिशोब चालत नाही. सौरवाऱ्याचा दाब वाढला की हद्द आत सरकते, कमी झाला की बाहेर, कधी सेकंदाला दहा-वीस किलोमीटर तर कधी शंभरच्या वर, आणि यान स्वतः त्या मानाने जवळजवळ उभंच असतं. म्हणजे आपण हद्द ओलांडत नाही, हद्दच आपल्यावरून ये-जा करते. एका तासात कितीतरी वेळा.

म्हणून मग दोन याने. २२ ऑक्टोबर १९७७ ला आयसी-१ आणि आयसी-२ एकाच रॉकेटवरून गेली, एक अमेरिकेचं, एक युरोपचं, एकाच कक्षेत एकामागून एक, आणि मधलं अंतर कमीजास्त करता येईल अशी. ही कल्पना मला फार आवडते कारण अंतर हेच यंत्र आहे हे तिथे पहिल्यांदा नीट मान्य झालं. या जोडीच्या डेटात क्रिस्टोफर रसेल आणि रिचर्ड एल्फिक यांना मॅग्नेटोपॉजपाशी एक विचित्र खूण परत परत दिसली, हद्दीला लंब असलेला क्षेत्राचा भाग आधी एका बाजूला जातो मग दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध एकूण क्षेत्र वाढतं. त्यांनी १९७८-७९ च्या सुमाराला याला फ्लक्स ट्रान्सफर इव्हेंट नाव दिलं, सगळेजण एफटीई म्हणतात. चित्र असं होतं की रिकनेक्शन झटक्याझटक्याने होतं आणि त्यातून सुटलेल्या क्षेत्ररेषांची एक जाड नळी हद्दीवरून घसरत जाते, ती जाताना आजूबाजूचं क्षेत्र तिच्यावरून वळसा घेतं म्हणून आधी बाहेर, मग आत. पुढे १९८५ मध्ये ली आणि फू यांनी म्हटलं की एका जागी नाही तर दोन किंवा जास्त समांतर ओळींवर रिकनेक्शन झालं तर मधे पिळलेला रोप आपोआप तयार होतो. दोन्ही चित्रांतून एका यानाला दिसणारी रेघ जवळपास सारखीच. वर आणि खाली, मधे फुगवटा. आता भांडा!

आणि भांडले लोक, वर्षानुवर्षं भांडले. कारण दोन यानांनी फक्त त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचं कळतं. ती रेषा रचनेला तिरकी गेली असेल तर जाडी चुकीची निघते, आणि तिरकी आहे की नाही हे दोघांवरून कळत नाही. तीन असली तर एक प्रतल मिळतं. चौथं त्या प्रतलाच्या बाहेर ठेवलं की पहिल्यांदा तिन्ही दिशांचं काहीतरी बोलता येतं. चार हा आकडा असा आलाय, कुणाच्या हौसेने नाही.

चौघांची पहिली तुकडी म्हणजे युरोपची क्लस्टर, आणि तिची गोष्ट दरवेळी सांगताना माझ्या पोटात गोळा येतो. ४ जून १९९६, फ्रेंच गयानामधलं कुरू, एरियन-५ चं पहिलंवहिलं उड्डाण, आणि त्याच्यावर चारही क्लस्टर याने. जेमतेम ४० सेकंदांत रॉकेट फुटलं. कारण काय तर दिशा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा एरियन-४ वरून तसाच उचलला होता, त्यात ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला जात होता, एरियन-४ वर तो आकडा कधी एवढा मोठा झालाच नाही पण नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेगात होतं, आकडा मावला नाही, मुख्य नि राखीव दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या कारण दोन्हीत सॉफ्टवेअर एकच. आणि तो कोड उड्डाणानंतर लागतच नव्हता! आयटीतल्या प्रत्येक माणसाने हे वाचलेलं असतं, पण त्या रॉकेटवर काय होतं हे दहातल्या एकालाही माहीत नसतं. दहा वर्षांचं काम खारफुटीच्या चिखलात जाऊन पडलं होतं.

नंतर सुट्या भागांतून एक यान बांधलं, त्याचं नाव फीनिक्स, मग बाकीची तीन नव्याने बनवायला मंजुरी मिळाली, आणि १६ जुलै व ९ ऑगस्ट २००० ला बैकोनूरहून दोन सोयूझवर दोन-दोन करून चारही वर गेली. रुंबा, साल्सा, सांबा, टँगो. नावं लोकांकडून मागवली होती, ब्रिटनमधल्या एका माणसाने सुचवलेली निवडली, चौघं मिळून अंतराळात नाचणार म्हणून. ठरवलं होतं दोन वर्षांचं, चालली चोवीस वर्षं. साल्सा ८ सप्टेंबर २०२४ ला दक्षिण पॅसिफिकवर मुद्दाम उतरवून जाळलं.

चार यानांनी नेमकं काय करतात ते एकदा हातानेच बघू. समजा एक करंट शीट आली. चारही यानांवर क्षेत्र उलटलं, पण वेगवेगळ्या क्षणी. यानांच्या जागा आपल्याला माहीत आहेत. एकाला संदर्भ धरायचं, बाकी तिघांची त्याच्यापासूनची अंतरं आणि उशीर मांडायचे, तीन समीकरणं, तीन अज्ञात, सुटलं. उत्तरात शीटची दिशा आणि वेग दोन्ही येतात. त्या दिशेने मोजलेलं दोन यानांमधलं अंतर १० किलोमीटर आणि उशीर ०.२ सेकंद, तर शीट सेकंदाला ५० किलोमीटरने चाललीय. एका यानावरून जायला तिला दोन सेकंद लागले असतील तर जाडी १०० किलोमीटर. हाच वेग २०० निघाला असता तर जाडी ४०० झाली असती, आणि ४०० किलोमीटरच्या शीटचं भौतिकशास्त्र अगदी वेगळं. मघाच्या गाडीचे डबे असे मोजले जातात.

दुसरी युक्ती मला याहून सुंदर वाटते. अँपियरचा नियम बारावीपासून सगळ्यांना पाठ असतो, क्षेत्र ज्याच्याभोवती फिरतं तिथे प्रवाह असतो. चार कोपऱ्यांवरचं क्षेत्र माहीत असेल तर ते जागेनुसार कसं बदलतंय हे काढता येतं, त्यातून कर्ल, म्हणजे क्षेत्र किती गोल फिरतंय ते, आणि कर्लमधून थेट विद्युतप्रवाह. एकही कण न मोजता! याला कर्लोमीटर म्हणतात. आणि याच हिशोबात डायव्हर्जन्सही, म्हणजे क्षेत्र एखाद्या बिंदूतून किती बाहेर फुटतंय तेही, फुकट मिळतं, जे निसर्गात शून्यच असायला पाहिजे, म्हणजे ते शून्याच्या जवळ आलं नाही तर समजायचं की आपल्या उत्तरात गडबड आहे. म्हणून लोक दोघांचं गुणोत्तर छापतात. अर्थात डायव्हर्जन्स छोटं आलं म्हणजे उत्तर बरोबरच असं नव्हे, पण मोठं आलं तर पुढे जाऊच नका. एवढी सोपी तपासणी असताना काही पेपरांत ते गुणोत्तर देतच नाहीत, मला ते खटकतं, रिव्ह्यूला आले की मी मागतेच.

क्लस्टरचं एक काम मुद्दाम सांगते कारण त्यात चौघांची गरज अगदी उघड दिसते. २० नोव्हेंबर २००१ ला याने चुंबकावरणाच्या संध्याकाळच्या बाजूला होती. तिथे सौरवारा कडेने घासत जातो तेव्हा हद्दीवर लाटा उठतात, त्या वाढून गुंडाळल्या की भोवरे होतात, आणि भोवऱ्यांतून बाहेरचा प्लाझ्मा आत मिसळतो. लाटा आधीच्या यानांनीही पाहिल्या होत्या, पण त्या नुसत्या लाटा आहेत की खरंच गुंडाळल्यात हे एकट्याने कसं ठरवणार, दोन्हीत घनता वरखालीच होते. हासेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पृथ्वीच्या जास्त जवळ असलेल्या यानाला बाहेरच्या यानापेक्षा जास्त घनता लागत होती. साध्या लाटेत हे होऊच शकत नाही, दाट प्लाझ्मा बाहेरच्या बाजूला असतो. तो आतल्या बाजूला सापडला म्हणजे गुंडाळून आत आला. एक वाक्याचा युक्तिवाद, पण त्या वाक्यासाठी त्या क्षणी ती याने योग्य अंतरावर असावी लागतात.

आणि इथेच माझा मूळ मुद्दा. योग्य अंतर म्हणजे किती? ते रचनेवर ठरतं. याने रचनेपेक्षा फार दूरदूर असली तर एकाला रचना दिसते, दुसऱ्याला तिचा पत्ताच नाही, मधे काय होतं ते सरळ रेषेने जोडणं म्हणजे निव्वळ कल्पना. फार जवळजवळ असली तर चौघांनाही तेच दिसतं, फरक यंत्राच्या चुकीपेक्षा लहान. क्लस्टरने म्हणून आयुष्यभर अंतरं बदलली, काही किलोमीटरपासून दहा हजार किलोमीटरपर्यंत, दर मोसमात नवं काहीतरी, आणि प्रत्येक बदलाला इंधन जातं, म्हणजे कुठल्या आकाराच्या रचना बघायच्या याच्यावर मीटिंगा होतात. यंत्रं तीच, मॅग्नेटोमीटर तेच, पण अंतर बदललं की मिशनच वेगळं.

एमएमएसने हे टोकाला नेलं. रिकनेक्शनच्या अगदी गाभ्यात, जिथे इलेक्ट्रॉनसुद्धा क्षेत्ररेषांची साथ सोडतात, तो भाग फार तर काही किलोमीटर जाडीचा असतो. क्लस्टरच्या नेहमीच्या अंतरात तो सहज हरवतो, शिवाय क्लस्टरला कणांचं एक पूर्ण माप घ्यायला स्वतःभोवती एक गिरकी लागायची, चार सेकंद, तेवढ्यात तो गाभा येऊन जाऊन परत पण येईल. मार्च २०१५ मध्ये नासाने एकाच ॲटलस रॉकेटवर एकावर एक रचून चार याने पाठवली. इलेक्ट्रॉनांचं माप ३० मिलिसेकंदांत, कारण गिरकीची वाट न बघता चारही बाजूंना डिटेक्टर बसवले. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये यानांमधलं अंतर सात किलोमीटरच्या आसपास आणलं. सात किलोमीटर म्हणजे दादर ते कुर्ल्याला जाऊन थोडं पुढे, आणि ही चार याने एवढ्या अंतरात पृथ्वीपासून हजारो किलोमीटर वर एकत्र उडतायत. जागा कळते जीपीएसने, खुद्द जीपीएस उपग्रहांच्याही कितीतरी वर राहून, त्यांच्या पलीकडच्या बाजूने गळून येणारा क्षीण सिग्नल पकडून, आणि गिनीज बुकात नोंद झाली ती याचीच.

आता एवढं जवळ गेल्यावर मॅग्नेटोमीटरवर काय वेळ येते बघा. दोन यानांमध्ये १० किलोमीटर आणि क्षेत्रातला फरक १ नॅनोटेस्ला, तर प्रवाह निघतो साधारण ८० नॅनोअँपियर दर चौरस मीटर. म्हणजे एका यानाचा मॅग्नेटोमीटर ०.१ नॅनोटेस्लाने खोटं बोलत असला तरी आठ नॅनोअँपियरचा प्रवाह हवेतून निर्माण होतो, हवा नसताना. गाभ्यात प्रवाह हजाराच्या घरात असतो तिथे हे चालून जातं, पण शांत भागात कुणी वीस नॅनोअँपियरची रचना सापडली म्हणालं की मी आधी कॅलिब्रेशन विचारते. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटरचा शून्य तापमानाने आणि वयाने सरकतो. यान फिरत असतं, वीस सेकंदांना एक गिरकी, त्यामुळे फिरण्याच्या प्रतलातल्या दोन दिशांचा खोटेपणा गिरकीच्या तालावर हलताना दिसतो नि पकडता येतो. पण फिरण्याच्या अक्षाच्या दिशेने जो शून्य सरकला तो कधीच हलत नाही, खऱ्या क्षेत्रात बेमालूम मिसळून बसतो. त्याच्यासाठी एमएमएसवर वेगळी सोय आहे, यान स्वतः इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतं, तो चुंबकीय क्षेत्रात वळून परत डिटेक्टरवर येतो, परत यायला लागलेल्या वेळावरून क्षेत्र किती ते मॅग्नेटोमीटरला न विचारता कळतं. हे मला पहिल्यांदा कुणीतरी समजावलं तेव्हा मी उगाचच हसत सुटले होते, इतकं ते हुशारीचं आहे.

१६ ऑक्टोबर २०१५, १३ वाजून ७ मिनिटं, जागतिक वेळ. आमच्या क्षेत्रात ही वेळ पाठ नसलेला माणूस नाही. त्या मिनिटात चारही याने मॅग्नेटोपॉजवर थेट त्या गाभ्यातून गेली, इलेक्ट्रॉनांच्या वेगांचं वाटप चंद्रकोरीच्या आकाराचं निघालं, जसं सिम्युलेशनवाले आधीपासून सांगत होते. जेम्स बर्च आणि मंडळींनी २०१६ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापलं. पण मला त्यातलं जास्त मजेशीर वाटतं ते हे की चौघांनी एकच गोष्ट पाहिली नाही. दहाएक किलोमीटरवर असूनही एकाला जे दिसलं ते दुसऱ्याला तसं दिसलं नाही. म्हणजे त्या जागी रचना यानांच्या अंतराएवढीच बारीक होती, आणि एकटं यान गेलं असतं तर आपण त्याचंच चित्र सगळीकडे चिकटवून मोकळे झालो असतो.

एफटीईंचंही तसंच झालं. एमएमएसच्या डेटात लहान फ्लक्स रोप भरपूर सापडले, काहीशे किलोमीटरचे. आतमधला प्रवाह कर्लोमीटरने काढला तर रोपच्या आत एकसारखा प्रवाह नसून बारीक बारीक धाग्यांसारखे प्रवाह निघतात. म्हणजे बाहेरून गुळगुळीत वर-खाली रेघ, आणि आत हा पसारा. १९७८ ला हे कळायला मार्गच नव्हता, त्यात कुणाचा दोष नाही.

यानांच्या तुकडीचा आकारही बघावा लागतो हां. चौघांचा नीट पिरॅमिड झाला तर उत्तम. कक्षेत फिरता फिरता तो चपटा होतो, लांबट होतो, आणि चारही जवळपास एका प्रतलात आली की त्या प्रतलाला लंब दिशेचं काहीच कळत नाही, कर्लोमीटर तरीही निर्लज्जपणे आकडा देतो. सॉफ्टवेअर कधी नाही म्हणत नाही. आपण नाही म्हणायचं.

याचा आपल्याकडचा एक जुना धागा आहे आणि तो मला दरवेळी आठवतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी चालू होती, माणसं डोळ्याने रीडिंग घेत. २ सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात, म्हणजे सूर्यामुळे आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळात, कुलाब्याचं आडवं क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने पडलं. ही नोंद २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स यांनी पेपरात आणली आणि जगभर गाजली, कारण एवढी मोठी घसरण कुठल्याच आधुनिक वादळात मिळत नाही. आणि लगेच वाद सुरू झाला. ही घसरण पृथ्वीभोवतीच्या रिंग करंटची, म्हणजे सगळ्या पृथ्वीवर लागू, की वादळात ध्रुवाकडचे प्रवाह खाली सरकून मुंबईच्याच बाजूला आले म्हणून, म्हणजे स्थानिक? एका ठिकाणची नोंद. जागा की वेळ, पसरलेलं की इथलंच, तोच प्रश्न, फक्त जमिनीवर आणि दीडशे वर्षं आधीचा. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर रीडिंग बिघडतील म्हणून वेधशाळेचे प्रमुख डॉ. मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली, आणि १९०६ पर्यंत कुलाबा नि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता यावी म्हणून. दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर आधी दोन्ही यंत्रं एकमेकांशी जुळवून घ्या, हेच आम्ही आज चार यानांवर करतो.

आता आपलं आदित्य-एल१ पण आहे. ६ जानेवारी २०२४ ला ते सूर्य नि पृथ्वीच्या मधल्या एल१ या समतोल बिंदूभोवतीच्या कक्षेत गेलं, सहा मीटरच्या दांड्यावर दोन मॅग्नेटोमीटर, एक टोकाला आणि एक मध्यावर. दोन कशासाठी तर यानाच्या स्वतःच्या तारांचं, मोटरींचं क्षेत्र ओळखून वजा करता यावं म्हणून, दोघांमधलं अंतर इथेही कामाला येतं. आदित्य एकटं आहे, पण शेजारी विंड, एस, डिस्कव्हर ही अमेरिकेची याने आहेत. मे २०२४ च्या मोठ्या वादळात, ज्याने लडाखमधल्या हानलेवरून लाल आकाश दिसलं होतं, भारतीय संशोधकांनी आदित्यचा डेटा बाकीच्या यानांसोबत एकत्र लावला आणि सूर्याकडून आलेले ढग एकमेकांवर चढल्यामुळे त्यांच्या आत क्षेत्ररेषा तुटून जोडल्या जात होत्या असं दाखवलं. तो भाग पृथ्वीच्या शंभरएक पट मोठा होता. इथे बघा, सात किलोमीटरच्या पिरॅमिडने हे दिसलंच नसतं! याने लाखो किलोमीटर दूर दूर होती म्हणूनच दिसलं. कुणी ती त्यासाठी तिथे ठेवली नव्हती, पण अंतर जुळून आलं.

चारचं मुख्य दुखणं हेच आहे, एका वेळी एकच आकार पकडता येतो. आणि प्लाझ्मात तर सगळे आकार एकत्र चालू असतात, हजारो किलोमीटरच्या लाटांपासून इलेक्ट्रॉनच्या गिरकीपर्यंत, ऊर्जा मोठ्यातून लहानात उतरत असते आणि ती उतरताना मधे काय होतं हे पाहायचं तर एकाच क्षणी मोठं नि लहान दोन्ही अंतर पाहिजे. २०१९ मध्ये एमएमएसला सौरवाऱ्यात पिरॅमिड सोडून एका रांगेत आणलं होतं ते यासाठीच, रांगेत वेगवेगळी अंतरं मिळतात, पण मग तीन दिशा गेल्या. एक धरलं की एक सुटतं.

म्हणून पुढचं मिशन हेलिओस्वॉर्म, नासाने २०२२ मध्ये निवडलं, नऊ याने, एक मोठं आणि आठ लहान, २०२९ च्या आसपास जायचंय. नऊ म्हणजे किती हे पटकन लक्षात येत नाही. चार यानांत जोड्या सहा आणि पिरॅमिड एक. नऊ यानांत जोड्या ३६ आणि पिरॅमिड १२६. काही लहान, काही मोठे, सगळे एकाच सेकंदाला. युरोपातही प्लाझ्मा ऑब्झर्व्हेटरी नावाच्या सात यानांच्या प्रस्तावावर काम चालू होतं. मला हेलिओस्वॉर्मची एकच धास्ती आहे, १२६ पिरॅमिडांपैकी सोयीचे निवडून हवं ते सिद्ध करणारे पेपर येणार. पण ते नंतर बघू.

कुणाला हात घालून बघायचा असेल तर डेटा सगळा उघडा आहे, पैसे नाहीत, परवानगी नाही. लॅपटॉपवर पायथन असेल तर पायस्पेडास नावाची लायब्ररी टाका, ती एमएमएसचा डेटा स्वतः उतरवून घेते. एमएससीच्या मुलांना मी नेहमी १६ ऑक्टोबर २०१५ चीच वेळ देते, १३:०५ ते १३:०९, मॅग्नेटोमीटरचा बर्स्ट मोड मागा, सेकंदाला १२८ रीडिंग येतील, साध्या मोडवर घेतलंत तर गाभ्याचा भाग तीन-चार ठिपक्यांत संपेल नि तुम्ही म्हणाल यात काय आहे. चौघांचा बीझेड एकाच चौकटीत काढा, ठरलेल्या रंगांत. मग १३:०७ च्या आसपास झूम करत जा आणि कुठला रंग आधी वळतो ते कागदावर लिहा. कर्लोमीटरचं फंक्शन त्याच लायब्ररीत तयार मिळतं, पण ते लगेच चालवू नका, आधी यानांच्या जागा प्लॉट करून पिरॅमिड कसा आहे ते बघा. अडलात तर कमेंटमध्ये विचारा, शनिवार-रविवारी उत्तर देते.